बेचक्यापाशी

१

घाण्या किडा गातो असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग नाकाला रुमाल लावल्यासारखं तोंड करतात. थोरलीला दोन्हीची सवय झाली होती. घरात दोन भावंडांत मोठी म्हणून ती थोरली, आणि फळबागांच्या संशोधन केंद्रात वयाने सगळ्यांत मोठी म्हणून तिथेही थोरलीच. काचघरात बसून घाण्यांची गाणी ऐकायची, हे तिचं काम. चारचौघांत मिरवावं असं काही नव्हतं ते, पण तिचा त्यात जीव होता.

घाण्या म्हणजे तो ढालीच्या आकाराचा हिरवा किडा. चिमटीत धरला की कच्च्या कोथिंबिरीसारखा उग्र वास सोडतो, आणि तो वास साबणाला दाद देत नाही. फळात सोंड खुपसून रस पितो, फळ आतून डागळतं, बागवाले कपाळाला हात लावतात. त्याचं गाणं मात्र कानाला ऐकू येत नाही. तो पोट थरथरवतो, ती थरथर पायांतून देठात उतरते आणि देठादेठाने झाडभर जाते. दुसरा घाण्या ती पायांनीच ऐकतो. माणसाला ऐकायची झाली तर देठाला एक इवलासा मायक्रोफोन लावावा लागतो. केंद्रात सगळे त्याला चिमटा म्हणायचे. चिमटा लावला, हेडफोन चढवले की खालच्या सुरातली गुरगुर ऐकू यायची, थांबून थांबून.

मादी हाक देते. नर उत्तर देतो आणि चालत सुटतो. वाटेत फांदीचं बेचकं आलं की थांबतो. काही पाय या फांदीवर ठेवतो, काही त्या, आणि थरथर कुठून येते ते चाचपत राहतो. मग बरोबर तिकडे वळतो. थोरलीने हे इतक्यांदा पाहिलं होतं, तरी दर वेळी हातातलं काम सोडून पाहायची.

केंद्राने याच गोष्टीचा फायदा उठवला होता. बागेत लाकडी खांब रोवले होते आणि प्रत्येक खांबात एक यंत्र होतं, मादीच्या हाकेची थरथर सोडत राहणारं. नर खांबावर चढायचे, उत्तर द्यायचे, पुन्हा हाक यायची, पुन्हा उत्तर द्यायचे. खायचे नाहीत की उडायचे नाहीत. काही दिवसांनी खांबाच्या टोकाशी वाळून चिकटलेले सापडायचे.

"बिचारे," तिच्यासोबत काम करणारी चष्मेवाली म्हणायची. "निदान समोरून कोणी 'नाही' तरी म्हणायचं त्यांना."

यावर थोरली हसायची. तेव्हा हसू यायचं.

२

हादऱ्यांचं हे वेड तिच्यात घरातूनच आलं होतं. आईला तरुणपणी तापात ऐकू येईनासं झालं, अगदी काहीच. बाबा सुतार. त्यांनी घर बांधताना जमीन, चौकटी, कपाटं, पलंग, सगळं लाकडाचं केलं आणि खिळ्याला हात न लावता एकमेकांत बसवलं. पलंगाचा उशाकडचा पाय पाचर ठोकून भिंतीतल्या खांबात अडकवलेला, आणि तो खांब जमिनीखालच्या तुळईत. "या घरात एकही लाकूड एकटं नाही," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचे. लोकांना ती कारागिराची फुशारकी वाटायची. खरं कारण आई होती. बाबांनी टाच आपटली की ती घरात कुठेही असो, तिच्या तळव्यांना कळायचं.

एक ठोका म्हणजे ये. दोन म्हणजे चहा झाला. भराभर तीन म्हणजे कोणीतरी आलंय, पदर सावर. आई बोटांच्या पेरांनी उत्तर द्यायची. तीन टकटक आणि शेवटी नखाची एक लांब खर्र. ती खर्र फक्त तिची. त्यांची भांडणंसुद्धा अशीच चालायची. बाबा इकडे धाडधाड टाचा आपटताहेत, आई तिकडे टेबल बडवते आहे आणि पोरं मधे बसून जेवताहेत. शाळेत जाईपर्यंत थोरलीला वाटायचं, सगळ्यांचीच घरं अशी बोलतात.

गेल्या हिवाळ्यात आई गेली. बाबांची टाच थांबली. धाकटा दूरच्या शहरात नोकरीला, घरात उरले बाबा आणि थोरली. घर इतकं गप्प झालं की ती मुद्दाम आदळआपट करत भांडी घासायची.

पुन्हा थंडी आली आणि घाण्या किडे आडोसा शोधत घरात शिरले. ते दर वर्षीच शिरतात. एकाच्या वासावर दुसरा येतो, दोघांच्या वासावर दहा. हिरव्याचे तपकिरी होतात, फटीत अंगाला अंग लावून बसतात आणि ऊन तापेपर्यंत खाणंपिणं, गाणंबजावणं सगळं बंद. या वर्षी त्यांनी आईच्या खोलीतल्या कपाटामागची फट पकडली. थोरली झाडू घेऊन गेली तर बाबा दारात उभे.

"राहू दे त्यांना."

"अहो बाबा, खोलीभर घाण वास सुटेल."

"सुटू दे. खोलीत कोणी आहे असं तरी वाटतं."

तिने झाडू जागेवर नेऊन ठेवला. त्या दिवशी तिने हट्टाने खोली झाडून काढली असती तर काही वेगळं झालं असतं का, हा प्रश्न तिने पुढे स्वतःला खूप वेळा विचारला.

३

सुट्टीची दुपार होती. थोरली जमिनीवर फतकल मारून कपड्यांच्या घड्या घालत होती. बाबा आपल्या खोलीत पलंगावर. तिच्या मांडीखाली एक ठोका जाणवला. ये. जुन्या सवयीने ती उठणारही होती, मग लक्षात आलं की ही हाक तिच्यासाठी नाही. बाबा झोपेत करत असतील, असं म्हणून तिने पुढची चादर उचलली.

थोड्या वेळाने पुन्हा ठोका. मग थांबणं. ते थांबणं तिला ओळखीचं वाटलं. समोरच्याला बोलायला जेवढा वेळ द्यावा लागतो तेवढंच होतं ते. आणि मग बाबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा, अगदी मनापासून.

ती दारात जाऊन उभी राहिली. बाबा उताणे पडले होते, टाच पलंगाच्या पट्टीला लागलेली.

"कोणाशी बोलताय?"

"कोणाशी म्हणजे? तुझ्या आईशी," ते म्हणाले. "तू कर तुझं काम. तिला आधीच घाई असते."

म्हातारपणी माणसाचं मन असं कुठेतरी टेकतं, हे थोरलीला समजत होतं. टेकू दे, असं ती स्वतःशी म्हणाली.

ते टेकलं आणि तिथेच राहिलं. आठवड्याभरात बाबा पलंगावरून उठेनासे झाले. ताट ठेवलं की म्हणायचे, "ठेव, बोलणं संपलं की खातो." बोलणं संपायचं नाही. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले की असंच चाललं तर फार दिवस काढणार नाहीत, घरी जमत नसेल तर देखभालीच्या संस्थेत ठेवा. धाकट्याने फोनवर तेच लावून धरलं.

"ताई, तू दिवसभर कामावर असतेस. उद्या काही झालं म्हणजे?"

"त्यांना या घरातून हलवलं तर ते जगणार नाहीत रे."

"आणि घरात न जेवता जगणार आहेत?"

तिने फोन ठेवला. बाबांनी पलीकडच्या खोलीतून तिचं सगळं बोलणं ऐकलं होतं. ती आत गेली तेव्हा त्यांनी तिचा हात धरला. "मला इथून नेऊ नका गं," एवढंच म्हणाले. तिने शब्द दिला.

४

तिने केंद्रातून चिमटा घरी आणला. बाबांचं ऐकणं हा नुसता भास आहे, हे एकदा स्वतःला पटलं की पुढे काय करायचं ते सुचेल, असा तिचा हिशेब होता. बाबा दुपारी आडवे झाल्यावर तिने चिमटा पलंगाच्या पायाला लावला आणि भिंतीला टेकून बसली.

हेडफोनमध्ये घर भलतंच मोठं वाटत होतं. नळाचा थेंब, रस्त्यावरची गाडी, बाबांचा श्वास. मग टाचेचा ठोका आला, एवढा जवळून की ती दचकली. ये.

ती थांबली. बाबाही थांबले होते.

लाकडाच्या फार आतून, कुठल्यातरी दूरच्या टोकाकडून तीन थरथरी आल्या. टकटक म्हणाव्यात अशा नव्हत्या. टकटक करायला काहीतरी कठीण लागतं, पेर किंवा नख. या मऊ होत्या, खालच्या सुरातल्या, अनेकांनी मिळून एक केल्यासारख्या. आणि तिसरीनंतर एक लांब खर्र.

बाबा हसले.

तिने हेडफोन काढून ठेवले. मग तिने एकेक कारण पुढे केलं. वाळवी. पाण्याचा नळ. गारठ्याने आकसणारं लाकूड. कपाटामागचे किडे, दुसरं काय? आपण रोज तेच ऐकतो, आपल्याला सगळीकडे तेच ऐकू येणार.

दुसऱ्या दिवशी तिने त्याचं रेकॉर्डिंग चष्मेवालीला ऐकवलं, कुठलं ते न सांगता.

"घाण्याच आहे की," ती लगेच म्हणाली. मग पुन्हा ऐकलं. "पण थंडीत कसा? हे झोपलेले असतात ना आत्ता? झोपेत कोणी गातं होय?"

"घरात ऊब असते. जागा झाला असेल एखादा."

"एखादा नाही हा. खूप जण आहेत, आणि सगळे एका ठेक्यात." चष्मेवालीने हेडफोन उतरवून तिच्याकडे पाहिलं. "आणि हाक मादीची नाही हं ही. नराचीही नाही. कोणाची गं?"

थोरलीने विषय बदलला. संध्याकाळी घरी आली तर बाबांचं दुपारचं ताट तसंच होतं. त्यांचे गाल बसले होते, ओठ सुकले होते, आणि टाच मात्र पट्टीवर ठरल्या वेळी पडत होती. तिच्या डोळ्यांपुढे बागेतले खांब आले. त्यांच्या टोकाशी चिकटलेले नर आले.

५

काचघरात प्रयोगाच्या कुंड्यांखाली जाड रबराचे तुकडे असतात. जमिनीचे हादरे झाडात येऊ नयेत म्हणून. रबर घातलं की झाडापुरतं बाहेरचं सगळं संपतं. थोरलीने तसे चार तुकडे पिशवीत घालून आणले. हा उपाय दुसऱ्या कोणाला सुचला नसता. तिला सुचला, आणि सुचल्याचा आनंदही झाला, हे तिला नंतर फार बोचलं.

बाबांना खुर्चीत बसवून तिने पलंग एकेका कोपऱ्यातून उचलला आणि पायांखाली रबर सरकवलं. राहिली उशाकडची पाचर. पलंग खांबापासून सुटल्याशिवाय काही उपयोग नव्हता. तिने करवत घेतली.

"करवत नको," बाबा खुर्चीतून म्हणाले. "वाकडी कापशील. मागच्या बाजूने ठोक, हलक्या हाताने. आपोआप निघेल."

तिने मागून ठोकलं. पाचर निघाली. इतक्या वर्षांनीही कोरी करकरीत होती.

"काय दुरुस्त करतेस?"

"पलंग करकरतो बाबा. झोप मोडते तुमची."

"माझा पलंग करकरतो?" त्यांना ते लागलं. पण त्यांनी लेकीवर विश्वास ठेवला.

ते आडवे झाले. टाच पडली, एकदा. वाट पाहिली. पुन्हा पडली. ती स्वयंपाकघरातून ऐकत होती, हातातला चमचा तसाच. तिसऱ्यांदा टाच पडली ती जोरात. मग बराच वेळ काही नाही.

"गेली का गं?" त्यांनी विचारलं.

"कोण, बाबा?"

थोड्या वेळाने ते आपण होऊन उठले, काठी टेकत टेबलापाशी आले आणि समोर वाढलेलं सगळं जेवले. मागून घेऊन जेवले. थोरलीचे डोळे भरून आले. तिने रात्रीची भांडी न आपटता घासली आणि धाकट्याला फोन लावून म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

बाबा जेवताना सारखे जमिनीकडे पाहत होते. अनवाणी पाय इकडून तिकडे ठेवून बघत होते. तिने ते पाहिलं होतं. पण पोट भरून जेवलेल्या माणसाबद्दल शंका घ्यावीशी तिला वाटली नाही.

हाक एकदम तुटली तर नर काय करतो, हे तिला ठाऊक होतं. तो असतो तिथे बसून राहत नाही. शोधायला निघतो. नेमकं त्या दिवशी तिला ते आठवलं नाही.

६

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घरी आली आणि कोथिंबिरीचा वास दारातच नाकात घुसला. बाबांचा पलंग रिकामा. तिने चपलाही काढल्या नाहीत, दार लोटायचं राहिलं, तशीच आत धावली.

घराच्या मधोमध एक बोळ होता. पुढे जाऊन तो दोन चौकटींत फुटायचा, डावीकडे स्वयंपाकघर आणि उजवीकडे आईची खोली. बाबा तिथे उभे होते. पाय फाकलेले, एक पाऊल या उंबऱ्यावर, एक त्या. दोन्ही हात पसरून एकेक तळवा एकेका चौकटीवर टेकवलेला. मान खाली, आणि सगळं अंग अगदी बारीक डोलत होतं, या अंगावरून त्या अंगावर.

थोरलीला हे दृश्य काचघरातून पाठ होतं.

"बाबा."

"थांब," ते मान वर न करता म्हणाले. "ऐकू दे."

"बाबा, तिकडे कोणी नाहीये. तुम्ही इकडे या. माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं नाही. डावा तळवा चौकटीवरून सुटला, डावं पाऊल उचललं गेलं, आणि वर्षभर काठीशिवाय न चालणारा माणूस झपाझपा आईच्या खोलीत शिरला.

बोळ ओलांडायला कितीसा वेळ लागतो? ती पोचली तेव्हा खोलीत संधिप्रकाश होता आणि बाबा नव्हते. खिडकी आतून लावलेली. कपाट जागच्या जागी. कपाट आणि भिंत यांच्यातली ती फट, जिथे जेमतेम आडवा हात जाईल, तिच्यात आता एकही किडा दिसत नव्हता. फटीच्या तळाशी एक टाच दिसत होती. बाबांचीच. तिच्यावर सुतारकामात पटाशी निसटल्याची जुनी पांढरी खूण होती.

टाच जमिनीवर एकदा पडली. मग कोणीतरी सावकाश, जपून आत घ्यावी तशी आत गेली.

थोरलीने कपाट ओढलं, ढकललं, नखं मोडेपर्यंत ओढलं, शेवटी अंगावर घेऊन आडवं पाडलं. मागे भिंतीच्या फळ्या होत्या. त्या कोमट होत्या.

७

लोकांनी सरळ अर्थ लावला. दार उघडं होतं, म्हातारा भ्रमिष्ट झालेला, निघून गेला. पोलिसांनी आसपास शोधलं, धाकट्याने छापील पत्रकं वाटली. जाताना त्याने उघड्या दाराकडे एकदा बघितलं. थोरलीने टाचेचं कोणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? बाबांना या घरातून नेणार नाही असा शब्द तिने दिला होता, आणि एका अर्थाने तो पाळलाही गेला होता. हे मनात आलं त्या दिवशी ती पहिल्यांदा मोठ्याने रडली.

तिने रबर काढून टाकलं. पाचर पुन्हा बसवली, मागून, हलक्या हाताने. पलंगावर पडून राहिली. दुपारी लाकडात बोलणं सुरू व्हायचं. आता चिमट्याचीही गरज नव्हती, पाठीला कळायचं. एक ठोका. तीन थरथरी आणि एक खर्र. पुन्हा ठोका. कधी भराभर, भांडल्यासारखं, कधी नुसतं निवांत. बाबा उपाशी नव्हते की थकलेले नव्हते, असं तिला वाटायचं, किंवा तिला तसं वाटून घ्यायचं होतं. पलंगावर होते तेव्हा निदान तिला दिसत तरी होते. पेज भरवता आली असती, हात धरता आला असता. चार रबराच्या तुकड्यांनी तेवढंही घालवलं.

एकदा न राहवून तिने स्वतःची टाच आपटली. बोलणं तत्काळ थांबलं. परकं पाऊल पडलं की झाडावरचे घाण्या किडेही असेच गप्प होतात. किती तरी वेळ घर जीव मुठीत धरून बसल्यासारखं होतं, आणि या वेळी परकी ती होती. तेव्हापासून ती दुपारी खुर्चीत पाय वर घेऊन बसायची. त्यांचं चालू दे म्हणून.

ऊन तापायला लागलं. बागेत घाण्या किडे पुन्हा हिरवे झाले, खांबांची यंत्रं चालू झाली. खांबांचं काम तिने चष्मेवालीकडे दिलं. घरातले किडे कुठल्याच फटीतून बाहेर पडले नाहीत. लाकडातलं बोलणं मात्र विरळ होत गेलं, आणि एका दुपारी ते मुळीच आलं नाही. थोरली खुर्चीत पाय दुमडून वाट पाहत राहिली.

मग जमिनीत दोन थापा आल्या. खुर्चीच्या पायांतून वर चढून त्या तिच्या अंगाला कळल्या. सपाट हाताच्या, सावकाश. बाबांसाठी आई पेरं वापरायची, धाकट्यासाठी मूठ. सपाट हात फक्त थोरलीसाठी होता. ये, पान वाढलंय.

पुन्हा दोन थापा. जराशा जवळून. मधे थांबणं, समोरच्याला उत्तर द्यायला लागतं तेवढं.

तिला खांब आठवले. 'नाही' म्हणायला तिथेही कोणी नसतं. आणि तरीही तिच्या पायांची बोटं आपोआप सरळ झाली, जमिनीकडे. तिने दोन्ही हातांनी आपले घोटे घट्ट आवळून धरले. वर्षानुवर्षं ज्या हाकेला धावत गेली, त्या हाकेला उत्तर न देणं तिला जमेना. म्हणून तिने तोंडाने ओ दिली, घर दणाणेल एवढ्या मोठ्याने. आईला ती कधीच ऐकू येणार नव्हती.